गावचा डोंगर ठेकेदाराला द्यायच्या आधी हे वाचा: जंगल, सडा, देवराई आणि खाडीत कार्बन कसा टिकवायचा

जून उजाडला की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर झाडं लावायचे फोटो सुरू होतात, एक रोप, त्याला धरलेले आठ हात आणि मागे बॅनर. आणि त्याच गावात दिवाळी झाली की डोंगरावर कटरचा आवाज सुरू होतो, कारण भाऊबंदांनी मिळून सामायिकातलं जंगल ठेकेदाराला उक्तं दिलेलं असतं. फोटो काढणारे आणि सह्या करणारे बऱ्याचदा तेच लोक असतात हे वेगळं सांगायला नको.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जंगल सरकारी नाहीच, तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावर आहे. म्हणून मुंबई-पुण्यात बसलेल्या चाकरमान्याला हवामान बदलासाठी खरंच काही करायचं असेल तर रोप विकत घेण्याच्या आधी करण्यासारखी बरीच कामं आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कामांना खड्डा खणावा लागत नाही.

आधी एक हिशोब करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. टेप घ्या, झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर म्हणजे छातीच्या उंचीला मोजा. समजा एक ऐन आहे, घेर ४ फूट, उंची अंदाजे ४० फूट. घेर, उंची आणि लाकडाची घनता घेऊन जंगलातल्या झाडांसाठी जे सूत्र वापरतात त्यात हे आकडे टाकले तर जमिनीवरच्या भागाचं वाळलेलं वजन साधारण ७०० किलो येतं. वाळलेल्या लाकडात जवळजवळ निम्मा कार्बन असतो, म्हणजे ३५० किलोच्या आसपास. एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे हा एक ऐन सव्वा टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड धरून उभा आहे, मुळं आणि खालची माती वेगळीच. आता पाच-सहा वर्षांपूर्वी लावलेलं, मनगटाएवढं झालेलं रोप त्याच सूत्रात टाका, वजन येतं साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे एक ऐन पाडला तर त्याची बरोबरी करायला अशी २०० झाडं लागली, तीही लावलेली नाही, जगलेली. आणि पाडलेलं लाकूड जातं कुठे, वीटभट्टीत नाहीतर बॉयलरमध्ये, म्हणजे साठ-सत्तर वर्षं जमलेलं वर्षभरात परत हवेत.

तर पहिलं काम, उभं आहे ते उभं ठेवणं. आणि हे काम टेपने होत नाही, कागदाने होतं.

सातबारा आणि आठ-अ काढा, ऑनलाइन मिळतात. नावं बघा. अर्धी माणसं वारलेली असतील, वारस नोंदी लावलेल्या नसतील, कुणीतरी आत्या बडोद्याला असेल जिला आपला हिस्सा आहे हेच माहीत नाही. ठेकेदाराला हा गोंधळ फार सोयीचा असतो, दोघा-तिघांच्या सह्या आणि एखादं मुखत्यारपत्र घेऊन तो कामाला लागतो. म्हणून वारस नोंदी आधी लावून घ्या, कंटाळवाणं आहे पण करा. इतर हक्कात 'खाजगी वन' वगैरे काही शेरा आहे का तेही बघून ठेवा, असेल तर नियम वेगळे लागतात आणि आधी तलाठ्याला नाहीतर जाणकार वकिलाला विचारलेलं बरं. दुसरं म्हणजे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस अशी बरीच झाडं येतात, ती खासगी जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडीला तुमची संमती नसेल तर गावात नुसती कुरबुर करत बसू नका, वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात लेखी हरकत द्या, गट नंबर घालून, आणि पोच घ्या. झाडं आडवी झाल्यावर दिलेल्या हरकतीचा उपयोग फक्त भांडणाला होतो.

पण एक गोष्ट इथेच बोलून घेऊ. गावात राहणाऱ्या काकांना औषधपाण्याला, घराच्या कौलांना, पोरीच्या लग्नाला पैसा लागतो आणि जंगल हीच त्यांची एफडी आहे. ठाण्यातल्या फ्लॅटमधून 'तोडू नका' असा मेसेज टाकणं फार स्वस्त आहे. तुम्हाला जंगल राहावं असं वाटत असेल तर त्या सौद्यातून काकांच्या वाट्याला जे आलं असतं ते बाकीच्या हिस्सेदारांनी मिळून काढून द्या, बऱ्याचदा तो आकडा ऐकून लाज वाटेल इतका कमी असतो, पंधरा वर्षं वाढलेल्या डोंगराला माणशी एक मोबाईल येईल एवढासुद्धा कधी कधी नाही. संगमेश्वर तालुक्यात एईआरएफ ही पुण्याची संस्था नेमकं हेच करत आली आहे, जंगलमालकांशी करार करायचा, तोड थांबवायची आणि त्याचा मोबदला मालकांना मिळवून द्यायचा. त्यांनीच बेहडा-हिरड्याच्या फळांना फेअरवाइल्ड, म्हणजे रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा केल्याचं, प्रमाणपत्र मिळवून आयुर्वेदिक मालाच्या बाजारात चांगल्या भावाने विकायची वाटही काढली. बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणजे तेच झाड उभं ठेवायला दोन कारणं झाली. आणि काही तोडायचंच असेल तर सरसकट सफाई करू नका. वाकडं, पोकळ नसलेलं, दाटीतलं झाड द्या. मोठी बी-धरी झाडं, पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडं आणि उंबर-पायर-वड या जातीचं काहीही सौद्याच्या बाहेर ठेवा आणि झाडांना रंगाचे पट्टे मारून मगच कटरवाल्याला आत सोडा. तोंडी सांगितलेलं डोंगरावर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तोड होऊन गेली असेल तरी निराश व्हायचं कारण नाही

हे लोकांना पटत नाही पण खरं आहे, की तुटलेल्या डोंगरावर बहुतेक वेळा नवीन काही लावायची गरजच नसते. खाली मुळं जिवंत आहेत. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या बुंध्यातून पहिल्याच पावसात दहा-पंधरा फुटवे येतात, आणि तयार मुळं असल्यामुळे ते रोपापेक्षा कितीतरी जोरात वाढतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक बुंध्यावर दोन-तीन सरळ, जमिनीलगत फुटलेले फुटवे ठेवा आणि बाकीचे कोयतीने काढा. उंचावरून फुटलेला फुटवा ठेवू नका, जड झाला की वाऱ्यात फाटतो. गुरं पहिली तीन-चार वर्षं आत येऊ देऊ नका. रानमोडी हे तण माजलं असेल तर ते फुलायच्या आधी, म्हणजे पावसाळा संपता संपता उपटा, नुसती कापली तर दुप्पट येते. ही रानमोडी उन्हाळ्यात वाळून कडकडीत होते आणि वणवा लागला की पहिली तीच पेटते.

वणवा

हा खरा विषय आहे आणि याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, कारण वणव्याने मोठी झाडं पडत नाहीत. ऐनाची साल बघा, मगरीच्या पाठीसारखी जाड आणि भेगाळलेली, त्याला आगीचं फारसं काही होत नाही, बुंधा काळा पडतो आणि पावसात पुन्हा पालवी येते. म्हणून लांबून जंगल ठीक दिसतं. पण आत जाऊन घेर मोजत फिरा, तीन-चार फुटी झाडं आहेत, आणि त्यांच्या खाली? गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मांडीएवढ्या जाडीचं काहीच नाही. म्हणजे आज आजोबा आहेत आणि नातवंडं दर मार्चमध्ये जळतायत. शिवाय पातेरा जळतो, जो कुजून मातीत कार्बन जाणार होता, आणि उघड्या झालेल्या उतारावर पहिला वळीव पडला की वरची माती पऱ्यात आणि तिथून खाडीत.

आग बहुतेक वेळा माणूसच लावतो. कुणी नवा चारा फुटावा म्हणून, कुणी शिकारीसाठी रान मोकळं व्हावं म्हणून, कुणी काजूच्या बागेतलं गवत जाळताना, कुणी बिडी टाकून, आणि कुणी राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळताना, वारा फिरला म्हणून. दोषी शोधत बसण्यापेक्षा जाळरेषा काढा. गवत पूर्ण वाळायच्या आत, साधारण डिसेंबर-जानेवारीत, डोंगराच्या हद्दीने निदान १०-१२ फूट रुंद पट्टा गवत कापून, पातेरा झाडून स्वच्छ करायचा. पातेरा आतल्या बाजूला ओढायचा नाही तर झाडांच्या बुंध्यापासून लांब, खाचरात नाहीतर खतखड्ड्यात. पायवाट, पऱ्या, गडगा जिथे आहे तिथे त्याचाच आधार घ्या, काम निम्म्यावर येतं. रस्त्याच्या बाजूची आणि काजूबागेच्या बाजूची रेष आधी, कारण आग तिथूनच येते. मार्चमध्ये एकदा परत झाडून घ्यावी लागते, पानगळ झालेली असते ना, ही दुसरी झाडणी लोक विसरतात आणि मग म्हणतात जाळरेषेचा उपयोग होत नाही.

मजुरी द्यावी लागते, फुकट होत नाही. पण दहा एकराच्या भोवतीची रेष काढायचा खर्च आणि वृक्षारोपणाचा बॅनर, टी-शर्ट, नाश्ता यांचा खर्च एकदा शेजारी मांडून बघा.

आग दिसली तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या साईटवर मोबाईल नंबर नोंदवला की उपग्रहाला आपल्या भागात आग दिसल्यावर एसएमएस येतो, मुंबईतल्या पोरांनी हे करावं आणि एसएमएस आला की गावातल्या माणसाला फोन लावावा. विझवायला जाताना एकटं जायचं नाही, नायलॉनचे कपडे घालायचे नाहीत, चढाच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही कारण आग चढावर धावते. ओल्या टहाळ्याने आगीच्या मागून आणि कडेने झोडपत यायचं. आणि विझली म्हणून लगेच घरी जाऊ नका, वाळका ओंडका आतून धुमसत असतो, संध्याकाळच्या वाऱ्याला परत पेट घेतो.

राबाचं म्हणाल तर त्यासाठी दरवर्षी ऐनाची कवळं तोडली जातात, झाडं नुसती खांबासारखी दिसायला लागतात. याला पर्याय आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी विकसित केलेली एसआरटी म्हणजे सगुणा राइस टेक्निक, यात गादीवाफ्यावर थेट भात टोकतात, राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात, ती कुजून मातीतला सेंद्रिय कार्बन वाढवतात. तणाचा त्रास पहिल्या वर्षी जास्त वाटतो हे खरं, पण लावणीला माणूस मिळत नाही अशा गावात लोक त्यासाठी तरी याच्याकडे वळतायत.

सडा आणि माळ, इथे हात आवरा

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, झाडं नाहीत म्हणून तो ओसाड आहे असं समजून जेसीबीने जांभा फोडून खड्डे घेऊ नका. तिथे मातीच वीतभर नाही, पावसाळ्यात जी फुलं आणि कीटक खाणाऱ्या वनस्पती येतात त्यातल्या बऱ्याच दुसरीकडे जगत नाहीत, आणि सड्यावर मुरलेलं पाणी खाली तुमच्या वाडीच्या झऱ्याला येतं. कातळशिल्पं असली तर प्रश्नच मिटला. सड्याला फक्त चिरेखाणीपासून वाचवा, बाकी त्याचं तो बघतो.

घाटावरच्यांसाठी हीच गोष्ट माळरानाची. गवताळ माळावर कार्बन वर दिसत नाही कारण तो बहुतेक जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, आणि तिथे वणवा लागला तरी तो भाग बराचसा शाबूत राहतो. पवन्या, मारवेल, कुसळीचा माळ नांगरून त्यावर गिरिपुष्प नाहीतर निलगिरी लावली की मातीतला कार्बन आधी बाहेर पडतो, वर मेंढपाळाचा चारा गेला. 'इथे पूर्वी घनदाट जंगल होतं' हे वाक्य फार ऐकायला मिळतं, पण पुण्याच्या आयसरमधल्या आणि मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यातले झाडांचे उल्लेख तपासले, साडेसातशे वर्षं मागे जाऊन, तर त्यात माळरानाचीच झाडं जास्त. म्हणजे माळ जुनाच आहे. माळावर करायचं काय, तर हिवरे बाजारला केलं तसं, मोकळी चराई बंद आणि गवत कापून न्यायचं.

देवराईत झाडापेक्षा देऊळ सांभाळायचंय

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा कुऱ्हाडीची भीती मोठी होती. आता देवराईला धोका वेगळाच आहे आणि तो मुंबई मंडळाच्या पावती पुस्तकातून येतो. जीर्णोद्धार. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं करायचं, समोर सभामंडप, त्याला पेव्हर ब्लॉक, गाडी थेट देवाच्या दारात आली पाहिजे म्हणून रस्ता, आणि या सगळ्याच्या आड येणारी दीडशे-दोनशे वर्षांची झाडं 'देवाच्याच कामाला' जातात. इथे लेक्चर देऊन काही होत नाही, मानकरी, गुरव आणि मंडळाचे अध्यक्ष एकत्र बसतात त्या मीटिंगला जावं लागतं. मला यशस्वी होताना दिसलेला मार्ग म्हणजे देणगीलाच अट घालणे. पैसे देतो, पण प्लॅन आहे त्या जोत्यावरच, रस्ता राईच्या बाहेर थांबेल, पार्किंग खाली. सोबत राईतल्या मोठ्या झाडांची यादी करा, जात, घेर, जागा, आणि ती ग्रामसभेच्या ठरावात घाला. देवाला कौल लावल्याशिवाय राईतली काठी उचलायची नाही ही रीत अजून पाळली जात असेल तर ती मोडू देऊ नका, तिच्याइतका कडक नियम सरकारलाही जमलेला नाही. आणि राई 'स्वच्छ' करू नका. पडलेला ओंडका, पातेरा, वेली, सगळं तिथेच राहू दे.

खाडी

कांदळवनाखालचा चिखल हा साठा म्हणून जंगलापेक्षा भारी असतो, कारण त्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात हवा नसते, पडलेली पानं-मुळं नीट कुजतच नाहीत आणि कार्बन शेकडो वर्षं तसाच गाडलेला राहतो. तो चिखल सुकला, उघडा पडला की साठा परत सुटायला लागतो. म्हणून खाडीत सगळ्यात महत्त्वाचं काम एकच, भरतीचं पाणी आत-बाहेर होत राहिलं पाहिजे. नवा रस्ता किंवा बांध घालताना मोऱ्या ठेवल्यात का, त्या गाळाने बुजल्यात का, कुणी रात्रीत राडारोडा टाकतंय का, हे बघा, फोटो काढा, तारीख आणि लोकेशनसकट तक्रार करा. मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ चे आदेश आहेत, तोड आणि भराव चालत नाही आणि ५० मीटरचा बफर आहे. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, त्यांच्याकडे तक्रार जाते.

लावायची घाई इथेही नको. फुटलेला खारबांध असेल आणि पाणी येत असेल तर तिवर आणि चिप्पी आपोआप येतात. कांदळाच्या लांब शेंगा पिकून गळतात त्या गोळा करून ओल्या चिखलात निम्म्या खोचल्या तरी चालतं, पण जिथे आधी कांदळवन नव्हतं अशा मोकळ्या चिखलावर नको, तिथे पक्षी चरतात, शिवल्या-कालवं निघतात. हेही कबूल करायला हवं की ज्यांचं भाताचं खाजण बांध फुटून कांदळवनाखाली गेलं त्यांचा राग खोटा नाही. जमीन नावावर, पण काही करता येत नाही. त्यांच्यासाठी सरकारची कांदळवन उपजीविका योजना आहे, गटाने खेकडा, कालवं, शिणाणे पालन करायला अनुदान मिळतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, पर्यटकांना होडीतून फिरवतात, एकदा जाऊन बघून या.

एवढं सगळं करूनही जागा उरली, आणि ती खरंच उघडी पडलेली डोंगरउताराची जागा असेल, बुंधे नाहीत, फुटवे नाहीत, तर लावा. शेजारच्या राईतलं बी घ्या. जांभूळ, रातांबा यांचं बी सुकवून ठेवायचं नाही, फळ खाल्लं की आठवड्याभरात मातीत. पहिला चांगला पाऊस झाला की लावणी, ऑगस्टमध्ये मंत्र्यांची तारीख मिळाली म्हणून नाही. गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ फुकट मिळाली तरी नको. मियावाकी, म्हणजे छोट्या जागेत दाटीने झाडं लावायची पद्धत, शहरात शाळेच्या कोपऱ्यात ठीक आहे, गावच्या डोंगरावर तेवढ्या पैशात चार-पाच वर्षांच्या जाळरेषा निघतील.

शेवटचं, कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे झाडांनी धरलेल्या कार्बनचा हिशोब करून तो कंपन्यांना विकणारे. हल्ली गावोगाव एजंट फिरतायत, झाडामागे इतके पैसे, सही करा. सगळे फसवे नसतात पण सही करायच्या आधी कागद मराठीत मागा आणि चार-पाच गोष्टी शोधा: करार किती वर्षांचा आहे, कारण असे करार तीस-चाळीस वर्षांचेही असतात आणि तुमच्या नातवाला बांधून घालतात, क्रेडिट कुणाच्या नावावर निघणार, मोजणी आणि तपासणीचा खर्च कोण करणार आणि तो तुमच्या हिश्श्यातून वजा होतो का, मधे वणवा लागून झाडं गेली तर पैसे परत करायचे का, आणि त्या जमिनीत चारा, लाकूडफाटा, काजू घ्यायचा हक्क राहतो की नाही. दोन-चार एकराला एकट्याने यात पडून काही उरत नाही, मोजणीतच जातं, त्यामुळे अख्खी वाडी नाहीतर गाव मिळून बोलणार असेल तरच बसा. आणि 'आत्ता टोकन घ्या, बाकी क्रेडिट विकल्यावर' असं कुणी म्हणालं तर बाकी किती आणि कधी हे आकड्यात लिहून मिळेपर्यंत आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.